मिल्टन कीन्समधलं घर आणि आमच्या सॉलिसिटरबाई

इंग्लंडमध्ये घरासाठी दिलेली ऑफर मान्य झाली की इस्टेट एजंट लगेच विचारतो, तुमचा सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील, कोण? २०२५ च्या मे महिन्यात मिल्टन कीन्समधल्या एका तीन बेडरूमच्या घरासाठी आमची ३ लाख ४५ हजार पौंडांची ऑफर मान्य झाली, तेव्हा आमच्याकडे नाव तयार होतं. घरं बघायला लागण्याआधीच आम्ही सॉलिसिटर शोधून ठेवला होता. इथे पहिल्यांदा घर घेणाऱ्या आपल्या लोकांना मी हे सगळ्यात आधी सांगते. नाव तयार नसलं की एजंट स्वतःच्या ओळखीची फर्म पुढे करतो, आणि ऑफर मान्य झाल्याच्या आनंदात माणूस हो म्हणून मोकळा होतो.

अशा शिफारशीबद्दल एजंटला त्या फर्मकडून पैसे मिळत असतील तर त्याने ते तुम्हाला सांगायला हवं, आणि तिथेच जा अशी सक्ती तो करू शकत नाही. ती फर्म वाईटच असते असं नाही. पण तिला पुढची कामं एजंटकडून मिळायची असतात, तुमच्याकडून नाही, एवढं ध्यानात ठेवून काय ते ठरवावं.

महाराष्ट्रात घर घेतलेल्या माणसाला इथली पद्धत सुरुवातीला फार सैल वाटते. आपल्याकडे विसार दिला की दोन्ही बाजू थोड्याफार बांधल्या जातात. मग वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, मुद्रांक शुल्क भरलं जातं, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो आणि अंगठा होतो आणि इंडेक्स टू हातात पडतो. इंग्लंड-वेल्समध्ये ऑफरसोबत एक पौंडही द्यावा लागत नाही, आणि ती कोणाला बांधूनही ठेवत नाही. एजंटच्या पत्रावर ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ (करार होईपर्यंत काही पक्कं नाही) असं लिहिलेलं असतं. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही बाजूंनी सही केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत विक्रेता जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, घेणाराही माघार घेऊ शकतो, आणि तोवर झालेला खर्च ज्याचा त्याने सोसायचा असतो. हा सगळा मधला काळ सॉलिसिटरच्या हातात असतो. कागद तोच तपासणार, पैसे त्याच्याच क्लायंट अकाउंटमधून जाणार, कर तोच भरणार आणि लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदवहीत, नावही तोच चढवणार.

हे काम सॉलिसिटर करतो, तसाच लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही (घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करणारा परवानाधारक) करतो. सॉलिसिटरवर एसआरए (सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी) या संस्थेचं नियंत्रण असतं, कन्व्हेयन्सरवर सीएलसीचं (काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स). दोन्हींच्या याद्या ऑनलाइन बघता येतात आणि ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाचं नाव आम्ही तिथे तपासलं. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीच्या कामाचे दर वेबसाइटवर लावावे लागतात, त्यामुळे तुलना घरबसल्या होते. मात्र दर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे लागतात. एका फर्मची फी ६५० पौंड दिसत होती. खाली उतरल्यावर बँक ट्रान्सफरचे वेगळे, ओळख तपासणीचे वेगळे, स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरण्याचे वेगळे, मॉर्गेज (गृहकर्ज) आहे म्हणून वेगळे, डिपॉझिटमध्ये आईवडिलांनी दिलेले पैसे आहेत म्हणून आणखी वेगळे, आणि या सगळ्यावर २० टक्के व्हॅट. बेरीज केली तर ती ज्या फर्मने सरळ ११५० सांगितले होते तिच्या जवळच जाऊन पोचत होती.

म्हणून आम्ही फीपेक्षा फोनवरच्या उत्तरांकडे जास्त लक्ष दिलं. आमची फाइल प्रत्यक्ष कोण बघणार? तो माणूस स्वतः क्वालिफाइड आहे की फक्त फाइल पुढे सरकवणारा? तो रजेवर गेला तर काम कोणाकडे? थेट फोन करता येईल का? आम्हाला मॉर्गेज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिने मान्य केलेल्या फर्मच्या यादीत, तुम्ही आहात का? (नसेल तर बँकेसाठी दुसरा सॉलिसिटर लागतो आणि वेळ व खर्च दोन्ही वाढतात.) व्यवहार मोडला तर तुम्ही किती घेणार? एका मोठ्या फर्ममध्ये यातल्या बहुतेक प्रश्नांना ‘सगळं पोर्टलवर दिसेल’ हेच उत्तर मिळालं. तिथे विषय संपला.

ज्यांना शेवटी काम दिलं त्या होत्या गावातल्याच एका छोट्या फर्ममधल्या, पन्नाशीच्या आसपासच्या बाई. आम्ही त्यांना विचारायच्या आधी त्यांनीच आम्हाला विचारलं, ‘जगात कुठेही, कितीही छोटं, कोणासोबतही, तुमच्या दोघांपैकी कोणाच्या नावावर घर आहे का?’ बाकी कोणीही हे विचारलं नव्हतं. सगळ्यांनी ‘फर्स्ट टाइम बायर?’ एवढं विचारून, आमच्या होकारावर त्या हिशोबाने कोटेशन पाठवून दिलं होतं. इंग्लंडमध्ये हे आमचं पहिलंच घर, त्यामुळे हो म्हणण्यात आम्हालाही काही वावगं वाटलं नव्हतं.

मिरजेत बाबांचा एक जुना वन बीएचके फ्लॅट आहे. २०११ मध्ये तो घेताना बाबांनी करारात स्वतःबरोबर माझंही नाव घातलं, पुढे वारसाच्या कागदपत्रांची धावपळ नको म्हणून. आपल्याकडे कितीतरी आईवडील हे करतात आणि मुलं परदेशात गेल्यावर ते नाव कोणाच्या लक्षातही राहत नाही. इथल्या कायद्यात मात्र त्या नावाला वजन आहे.

हिशोब असा. १ एप्रिल २०२५ पासून साध्या खरेदीदाराला पहिल्या सव्वा लाख पौंडांवर स्टॅम्प ड्युटी नाही, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत २ टक्के आणि त्यावर ५ टक्के. ३ लाख ४५ हजारांच्या घरावर ती ७२५० पौंड होते. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत काहीच नाही आणि वरच्या रकमेवर ५ टक्के, म्हणजे २२५० पौंड. पण ही सवलत मिळायला घेणाऱ्या प्रत्येकाने जगात कुठेही घर घेतलेलं नसावं लागतं, वारशाने आलेलंही चालत नाही. आणि याहून भारी गोष्ट पुढेच आहे. खरेदीच्या दिवशी तुमच्याकडे दुसरीकडे ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असेल, तर काही अपवाद सोडून पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर बसतो. आमच्या बाबतीत तो आणखी १७ हजार २५० पौंड झाला असता. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर एकाचं घर दुसऱ्याच्या खात्यातही धरलं जातं. पुण्या-ठाण्यात ज्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे त्यांनी इथे घर घेण्याआधी हा आकडा कागदावर मांडून बघावाच.

बाईंनी मिरजेच्या फ्लॅटची आजची बाजारभावाची किंमत मागितली. आम्ही रेडी रेकनरचा दर द्यायला तयार होतो, त्यांनी तो घेतला नाही. सरकारी दर नको, विकला तर काय येईल ते मान्यताप्राप्त व्हॅल्युअरने लेटरहेडवर लिहून द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी सांगलीहून व्हॅल्युअर आणला. २८ लाख रुपये. पौंडाचा भाव तेव्हा ११५ रुपयांच्या पुढे होता, म्हणजे संपूर्ण फ्लॅट धरला तरी साधारण २४ हजार पौंड. ४० हजारांच्या आत असल्यामुळे जादा कर टळला. पहिल्या घराची सवलत मात्र गेली, कारण आधीचं घर किती किमतीचं हे तिथे बघत नाहीत. इंडेक्स टूवर माझं नाव आहे, विषय तिथेच संपतो.

मग त्यांनी एक मार्ग समोर ठेवला. नवऱ्याच्या नावावर कुठेच काही नव्हतं. त्याने एकट्याने घर घेतलं तर आमच्या परिस्थितीत सवलत मिळू शकत होती आणि ५ हजार पौंड वाचत होते. मॉर्गेज दोघांच्या पगारावर आणि घर एकाच्या नावावर, अशी कर्जं काही बँका देतात. पण हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघून स्पष्ट केलं, ‘या मार्गाने गेलात तर कर्जाची जबाबदारी तुमची, घर मात्र कागदोपत्री तुमचं नाही. मग तुम्ही माझ्याकडे नाही, वेगळ्या सॉलिसिटरकडे जाऊन सल्ला घ्या.’ पाच हजार पौंड आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. त्यात सगळं फर्निचर आलं असतं. पण ज्या घराचे हप्ते माझ्या पगारातून पंचवीस-तीस वर्षं जाणार त्यावर माझं नाव हवं होतं, आणि मला ते मनापासून हवं होतं. नवऱ्यालाही तसंच वाटत होतं. घर दोघांच्या नावावर घेतलं आणि ७२५० पौंड भरायचे ठरवले. पैसे वाचवायचा मार्ग दाखवताना त्याची किंमतही त्याच दमात सांगणारा वकील असला की निर्णय घेणं सोपं जातं.

पुढचं अवघड प्रकरण पैशांचं. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांमुळे सॉलिसिटरला घरात येणारा प्रत्येक पैसा कुठून आला ते बघावं लागतं. आमची बचत इथल्या खात्यातली, त्याची स्टेटमेंट्स देऊन तो भाग मिटला. बाबांनी मात्र नऊ लाख रुपये द्यायचं ठरवलं होतं. भारतातला रहिवासी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नव्हता. अशा भेटीवर दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तेवढे पैसे अडकतात. म्हणून बाबा नऊ लाखांवर थांबले.

बाईंनी बाबांच्या पासपोर्टची नोटरी केलेली प्रत, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि ते पैसे बाबांकडे कुठून आले त्याचा पुरावा मागितला. मी फोनवर सांगितल्यावर बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे काय चोरून आणलेत काय गं पैसे? पस्तीस वर्षं नोकरी केली मी.’ त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते वाजवीच होतं. मी त्यांना सांगितलं, बाबा, इथे जन्मलेल्या माणसाच्या बापालाही हेच विचारतात, माझ्या इंग्लिश मैत्रिणीच्या वडिलांनाही द्यावं लागलं. ते खरंच होतं. तेव्हा कुठे ते शांत झाले, आणि शांत झाल्यावर अशी फाइल तयार केली की बाईंनी तिचं कौतुक केलं.

अडचण एकच निघाली. नऊपैकी सहा लाख एका सहकारी बँकेतली मुदत ठेव मोडून आले होते. ठेव मोडल्याची पावती आणि पासबुक दोन्ही मराठीत, डॉट मॅट्रिक्सची फिकट छपाई, आणि नोंदीच्या रकान्यात ‘मु.ठे.व.जमा’ असं छापलेलं. बाईंनी तो कागद परत पाठवला नाही. प्रमाणित भाषांतर करून आणा आणि मूळ कागदावर कुठली ओळ कुठली ते आकडे घालून दाखवा, असं त्या म्हणाल्या. सांगलीतल्या एका भाषांतरकाराने ते केलं, आणि दर तीन महिन्यांनी व्याज जमा होतं, मग ठेव मोडली जाते, मग ती रक्कम बचत खात्यातून परदेशी जाते, ही सगळी साखळी पानावर दिसायला लागली. सोबत बाबांचं सहीचं पत्र. ‘ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात माझा कसलाही हक्क असणार नाही.’ ‘मुलीला दिलेलं कोण परत मागतं,’ असं म्हणत त्यांनी सही केली. भारतातून पैसे येणार असतील तर हे सगळं ऑफरच्याही आधी हाताशी ठेवावं. आमचं सगळं मिळून वेळेत झालं, कारण बाईंनी पहिल्याच आठवड्यात यादी दिली होती.

दरम्यान विक्रेत्यांच्या सॉलिसिटरकडून कॉन्ट्रॅक्टचा मसुदा आणि कागद आले. त्यातला लँड रजिस्ट्रीचा उतारा मला सगळ्यात आवडला. तीन भाग असतात. पहिल्यात मिळकतीचं वर्णन, दुसऱ्यात मालक कोण आणि कशा हक्काने, तिसऱ्यात बोजे आणि अटी. सोबत लाल रेघेने हद्द दाखवलेला नकाशा. सात पौंड भरून हा उतारा कोणीही काढू शकतं. इथे तीस वर्षांचा सर्च का लागत नाही हे मला त्यावरून कळलं. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, पण मालकी शंभर टक्के पक्की असल्याची हमी सरकार देत नाही, म्हणून वकील मागे मागे जात राहतो. इथल्या रजिस्टरवर ज्याचं नाव तो मालक, याची हमी सरकारची, आणि रजिस्टरमधल्या चुकीने नुकसान झालं तर भरपाईची तरतूदही आहे.

बाकीचे सर्च बाईंनी मागवले. काउन्सिलचा (काउन्सिल म्हणजे इथली नगरपालिका), पाणी-ड्रेनेजचा, पर्यावरणाचा. चर्चच्या दुरुस्तीचा खर्च आसपासच्या जमिनीवर पडण्याची मध्ययुगातली एक तरतूद अजून पूर्ण गेलेली नाही, तीही बघितली. यात फारसं काही निघालं नाही. विक्रेत्यांनी भरलेल्या टीए६ या माहितीपत्रकात शेजाऱ्यांशी भांडण आहे का, कुंपण कोणाचं, बॉयलर कधी बदलला अशी सगळी उत्तरं होती. टीए१० मध्ये पडदे, फ्रिज, बागेतली शेड यातलं काय राहणार आणि काय जाणार याची यादी होती. पडद्यांचे रॉड राहणार आणि पडदे जाणार, हेही त्यात लिहिलेलं होतं.

खरा प्रश्न उभा राहिला तो घराच्या मागे वाढवलेल्या खोलीचा. स्वयंपाकघराची मागची भिंत काढून तिथे जेवणाची खोली केलेली आहे. घर आवडण्याचं आमचं मुख्य कारणच ती खोली होती. आम्ही मॉर्गेजच्या व्हॅल्युएशनवर न थांबता स्वतंत्र सर्व्हे केला होता. (बँकेचं व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं, घराची प्रकृती त्यात कोणी बघत नाही.) सर्व्हेयरने लिहिलं होतं की भिंत काढली आहे, वरचा भार कशावर आहे ते दिसत नाही, बिल्डिंग रेग्युलेशनचं (काम बांधकामाच्या नियमांप्रमाणे झाल्याचं) प्रमाणपत्र मागा. काउन्सिलच्या सर्चमध्ये तसं प्रमाणपत्र नव्हतं. विक्रेते म्हणत होते, हे काम आमच्या आधीच्या मालकाने केलं. शिवाय रजिस्टरच्या तिसऱ्या भागात जुनी अट होती. मिल्टन कीन्स हे शहर १९६७ नंतर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने वसवलं आणि घरं विकताना, परवानगीशिवाय बाहेरून बदल करायचा नाही, अशा अटी घातल्या. कॉर्पोरेशन १९९२ मध्ये बंद झालं, अटी कागदावर राहिल्या.

मी लगेच म्हटलं, काउन्सिलला फोन करून विचारते. बाईंनी मला तिथेच थांबवलं. त्यांनी सांगितलं ते प्रत्येक खरेदीदाराला माहीत असायला हवं. अशा वेळी दोन रस्ते असतात. विक्रेत्याने काउन्सिलकडे जाऊन झालेलं काम नियमित करून घ्यायचं, नाहीतर इन्डेम्निटी इन्शुरन्सची पॉलिसी घ्यायची. पण आपल्यापैकी कोणीही त्या कामाबद्दल काउन्सिलला एकदा विचारलं की पॉलिसी मिळत नाही, कारण विमा कंपनीची अटच ती असते. त्यामुळे आधी ठरवा, मग फोन उचला. नियमित करायचं तर काउन्सिलचा माणूस छत उघडायला सांगू शकतो, वेळ जातो, आणि विक्रेते स्वतः घेत असलेल्या पुढच्या घराच्या साखळीत अडकलेले होते.

पॉलिसीचा प्रस्ताव विक्रेत्यांच्या बाजूने लगेच आला, हप्ता तेच भरणार होते. इथेच बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. बाईंनी मात्र पत्रात जाड अक्षरात लिहिलं होतं की ही पॉलिसी काउन्सिलने कारवाई केली किंवा त्या जुन्या अटीवरून कोणी दावा केला तर होणाऱ्या नुकसानीची आहे. तुळई नीट बसवली आहे की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही. ते मी सांगू शकत नाही, इंजिनियर सांगेल.

तेव्हा आम्ही स्ट्रक्चरल इंजिनियर नेला. बाईंनी विक्रेत्यांच्या सॉलिसिटरला लिहून छताचा छोटा तुकडा उघडायची परवानगी आधीच मिळवली होती, आणि तो आमच्या खर्चाने पूर्ववत करून द्यायचा असंही ठरवून घेतलं होतं. इंजिनियरने जिन्याजवळच्या कोपऱ्यात वहीच्या पानाएवढं प्लास्टरबोर्ड कापलं आणि टॉर्च घेऊन आत बघितलं. स्टीलची तुळई होती. तिचं टोक भिंतीवर ज्या ठिकाणी टेकतं तिथे खाली काँक्रीटचा ठोकळा होता, विटांवर ती नुसतीच ठेवलेली नव्हती. त्याने तुळईची उंची, पात्याची जाडी, भिंतीवरचा टेकू सगळं मापून हिशोब केला आणि भार सुरक्षित असल्याचं लेखी दिलं. त्या कागदानंतर मी पॉलिसीला होकार दिला. इंजिनियरशिवाय मी दिला नसता. त्या खोलीच्या वरच माझ्या मुलीची झोपायची खोली आहे.

या सगळ्यात दोघींचं कसं जमलं ते सांगते, कारण सॉलिसिटर चांगला असून भागत नाही. बाईंच्या हातात एकाच वेळी अनेक फाइली असतात. रोज ‘काही अपडेट?’ असा मेल टाकला तर तो वाचण्यात त्यांचा वेळ जातो आणि उत्तर ‘वाट बघतोय’ एवढंच येतं. मी माझे प्रश्न आठवडाभर साठवून एकाच मेलमध्ये, आकडे घालून पाठवायचे आणि त्या त्याच आकड्यांखाली उत्तरं द्यायच्या. त्यांनी मागितलेला कागद मात्र त्याच दिवशी द्यायचा हा आमचा नेम होता. कॉन्ट्रॅक्टमधलं प्रत्येक कलम मी वाचलं आणि जिथे समजलं नाही तिथे निमूटपणे सही न करता विचारलं. त्यांनी कधी कंटाळा दाखवला नाही. ऑगस्टमध्ये विक्रेत्यांचे सॉलिसिटर रजेवर गेले आणि सगळं थांबलं. गणपती आले, गेले, तरी आमच्या एन्क्वायरींना उत्तर नव्हतं. तेव्हा बाईंनी एक युक्ती केली. त्यांनी आम्हाला सांगितलं, तुम्ही एजंटला फोन करा. एजंटला कमिशन व्यवहार पुरा झाल्यावरच मिळतं, तो विक्रेत्याच्या मागे लागतो आणि विक्रेता त्याच्या सॉलिसिटरच्या. त्याच आठवड्यात उत्तरं आली.

एक्स्चेंजच्या आधी दहा टक्के डिपॉझिट, म्हणजे साडेचौतीस हजार पौंड, फर्मच्या खात्यात टाकायचे होते. याच टप्प्यावर चोर मेलमध्ये घुसतात आणि ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असं सॉलिसिटरच्या नावाने लिहितात. बाईंनी पहिल्या भेटीत खाते क्रमांक छापील कागदावर दिला होता आणि तो मेलने कधीही बदलणार नाही असं बजावलं होतं. तरी मी त्याच कागदावरच्या नंबरवर फोन करून आकडा न आकडा पडताळला, आधी एक पौंड पाठवला, तो पोचल्याचं त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मगच बाकीची रक्कम सोडली.

बाबा सारखे विचारत होते, रजिस्ट्रारसमोर कधी उभं राहायचं? तसं काही नसतं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही तारीख न घालता कॉन्ट्रॅक्टवर सह्या करून दिल्या होत्या. हस्तांतरणाच्या टीआर१ या दस्तावर साक्षीदार लागतो, आणि तो समोर हजर असावा लागतो. तिथे आमच्या तेव्हाच्या शेजारीणबाईंनी सही केली. एका सकाळी दोन सॉलिसिटर फोनवर बोलले, वेळ नोंदवली, आणि एक्स्चेंज झालं. त्या क्षणापासून आम्ही बांधलो गेलो. म्हणून घराचा विमाही त्याच दिवसापासून सुरू केला, ताबा अजून मिळायचा असला तरी.

कम्प्लीशन, म्हणजे उरलेले पैसे देऊन ताबा घ्यायचा दिवस, शुक्रवारी घेऊ नका, हा बाईंचा आग्रह. शुक्रवारी सगळ्यांचीच घाई असते आणि बँकेत पैसे अडकले तर सोमवारपर्यंत सामानाचा ट्रक दारात उभा राहतो. आम्ही बुधवार घेतला. दुपारी पैसे पोचल्याचा फोन आला आणि एजंटच्या ऑफिसातून चाव्या मिळाल्या.

त्यानंतरही त्यांचं काम संपलेलं नव्हतं. स्टॅम्प ड्युटी कम्प्लीशननंतर चौदा दिवसांत भरावी लागते, ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरली आणि नोंदणीचा अर्ज टाकला. मधल्या काळात दुसऱ्या कोणाचा बोजा त्या रजिस्टरवर चढू नये म्हणून कम्प्लीशनच्या आधीच तीस कामाच्या दिवसांचं प्राधान्य त्यांनी घेऊन ठेवलं होतं. दोघांची नावं चढल्यावर मी लँड रजिस्ट्रीच्या मोफत प्रॉपर्टी अलर्टमध्ये आमचं घर नोंदवलं. त्या रजिस्टरवर कोणी काही हालचाल केली तर मला मेल येतो. शेवटच्या हिशोबात उरलेले थोडे पौंड बाईंनी परत पाठवले. त्याच पाकिटात इन्डेम्निटी पॉलिसी आणि इंजिनियरचं पत्र होतं. दोन्ही आम्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवली आहेत, कारण कधी हे घर विकायला काढलं तर पुढच्या खरेदीदाराचा सॉलिसिटर त्या खोलीबद्दल हेच प्रश्न विचारणार आहे.